चार नंबरचा चेहरा

सोमवार, ३

पोचले एकदाची. अकरा वर्षं लोकांच्या लग्नाच्या फिल्म कापल्यावर माणसापुढे दोनच रस्ते उरतात: वेड लागणं, नाहीतर सरकारी नोकरी. मला दुसरं मिळालं. उद्यापासून मी कोर्टाच्या अभिलेख विभागात चित्रफीत सहायक. नाव भारदस्त आहे, काम काय ते उद्या कळेल.

खोली छान आहे. हे मी लिहिते आहे म्हणजे खरंच छान असणार. वरचा मजला, रस्त्याकडे खिडकी, टेबल डुगडुगत नाही. खाली मालकीणबाई राहतात. विधवा, साठीच्या, शाळेचे गणवेश शिवतात. त्यांचं शिवणाचं मशीन आणि टीव्ही एकाच वेळी चालू असतात आणि त्या दोघांच्या वरताण आवाजात त्या स्वतः बोलतात. मला मावशी म्हण, म्हणाल्या. ओळख होऊन दहा मिनिटं झाली नव्हती. मी ‘बाई’वर थांबणार आहे. लोकांना नाती लावायची फार घाई असते. निभवायची वेळ आली की सगळे बाहेरगावी असतात.

रात्री जेवताना ताईचा फोन आला. नव्या गावात तरी लोकांना नावं ठेवू नकोस, म्हणाली. मी बरं म्हटलं. तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे.

मंगळवार, ४

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. खोलीला खिडकी नाही, पण पंखा आहे आणि मशीन नवीन आहे. साहेब म्हणजे विभागाचे अधीक्षक, शर्टाच्या खिशाला तीन पेनं आणि तिन्ही बंद. सही करायची वेळ आली की माझं मागतात. स्वभावानं गरीब. गरीब स्वभाव म्हणजे काय, तर कशाचीच जबाबदारी अंगावर येऊ न देणं, हे मी एका दिवसात शिकले.

काम असं आहे. त्या गायकाची केस. सगळा देश ज्याला डोक्यावर घेऊन नाचत होता तो. त्यानं हॉटेलच्या तळघरात, गाड्या लावतात तिथे, आपल्या ड्रायव्हरला मारलं. गाडी आणायला उशीर झाला म्हणून. लांब दांड्याच्या छत्रीनं मारलं, मग बुटानं. ड्रायव्हरचा एक डोळा गेला, बोलणंही गेलं. गायकाला शिक्षा झाली, तरी त्याचे भक्त म्हणतात व्हिडिओ खोटा आहे. म्हणून वर्तमानपत्रांनी अर्ज केला आणि ड्रायव्हरच्या बायकोनंही केला, की फूटेज लोकांसमोर येऊ द्या. न्यायाधीशांनी मान्य केलं. अट एकच. तिथे जे सहा लोक उभे होते त्यांचे चेहरे धूसर करायचे, नावं बंद करायची.

पुढच्या गुरुवारी, म्हणजे तेरा तारखेला फूटेज जाहीर होणार. चेहरे पुसायचे ते मी.

साहेबांनी केसची फाईल दिली. तीन बोटं जाडीची. वाचून घ्या म्हणाले. मी कपाटावर ठेवली. मला चित्र दिसतं, कागद कशाला हवा?

शुक्रवार, ७

सहा मिनिटं चाळीस सेकंद, आवाज नाही. आतापर्यंत तीसेक वेळा पाहिलं असेल.

गायकाबद्दल मला काही वाटत नाही. असली माणसं मी अकरा वर्षं पाहिली आहेत, कॅमेरा लागला की गोड आणि बंद झाला की खरी. ड्रायव्हरकडे बघवत नाही, म्हणून बघत नाही. माझं काम त्या सहा जणांशी आहे. एक नंबर पिशवीवाली. दोन नंबर फोनवर बोलणारा, जो फोन ठेवतसुद्धा नाही. तीन नंबर पिशवीवालीचा नवरा की कोण, तो तिला मागे ओढतो. पाच आणि सहा हॉटेलचे नोकर, एकमेकांकडे बघतात. बघे सगळे. कोणी हात उचलत नाही, तोंड उघडत नाही. आणि आता वकील लावून म्हणतात आमचे चेहरे झाका. तोंडं होती होय यांना?

पण चार नंबर. टोपी घातलेला, पन्नाशीचा. मार थांबल्यावर ड्रायव्हर लिफ्टच्या दारातच आडवा पडलेला असतो. हा येतो, त्याचे पाय ओलांडतो, लिफ्टमध्ये शिरतो. वळतो. आणि दार बंद होताना हसतो.

मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं. हसतोच.

सोमवार, १०

सहापैकी पाच झाले. चार नंबर मुद्दाम मागे ठेवला.

दुपारी साहेब येऊन मागे उभे राहिले. छत्री वर गेली तसे ते भिंतीकडे वळले. मला रक्त सोसत नाही, तुम्ही करा, मी सही करतो, म्हणाले. ड्रायव्हरला सोसलं असावं.

घरी बाईंनी विचारलं, कोर्टात काय काम असतं. चेहरे पुसते, म्हटलं. त्या हसल्या, म्हणाल्या मी बाह्या लावते, तू चेहरे पूस. त्यांना विनोद वाटला.

बुधवार, १२

केलं.

चार नंबरचा चेहरा सगळीकडे झाकला, शेवटचा अर्धा सेकंद सोडून. अकरा फ्रेम. लिफ्टचं दार बंद होताना, टोपीखालून, ते हसू. चालू व्हिडिओत डोळ्यालासुद्धा कळणार नाही. कळलंच एखाद्याला तर कळू दे. कोणाचं तरी हसू कुठेतरी नोंदलेलं राहायला हवं. कायदा त्याला झाकतो, मी का झाकू?

साहेबांनी न बघता सही केली. माझ्याच पेनानं.

गुरुवार, १३

सकाळी अकराला जाहीर झालं. साडेबाराला लोकांनी अकरा फ्रेम शोधल्या.

इतक्या लवकर मला वाटलं नव्हतं. दुपारपर्यंत प्रत्येक फोनवर तोच एक चेहरा. छत्री नाही, गायक नाही, ड्रायव्हर तर नाहीच. हसणारा. त्याचं नावच पडलं, हसरा. साहेब घामाघूम. कुठून सुटला, कसा सुटला? मी म्हटलं मशीन नवीन आहे, होतं असं. त्यांना तेवढं पुरलं. वर तांत्रिक चूक असं लिहून पाठवलं.

बसमध्ये दोघीजणी त्याच्यावर थुंकण्याची भाषा करत होत्या. त्या तळघरात असत्या तर पिशव्या सावरत उभ्या राहिल्या असत्या. तरी बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

शुक्रवार, १४

लोकांनी त्याला शोधून काढलं. याच गावातला आहे. बाजाराच्या कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान.

संध्याकाळी घरी आले तर मशीन बंद होतं, टीव्ही चालू. बाई पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, हा तर आपला चष्मेवाला. मी विचारलं, ओळखता? त्या म्हणाल्या, चार वर्षं माझ्या काचा तोच बदलतो. आजारात त्याच्या अर्ध्या तोंडावरून वारं गेलं, तोंड एका बाजूनं वर ओढलं गेलंय, तेव्हापासून तो झोपेतही हसल्यासारखाच दिसतो. बायकोच्या मातीला उभा होता तेव्हाही तसाच दिसत होता, म्हणाल्या. लोक तेव्हाही बोलले होते.

मी वर आले. जेवले नाही.

शनिवार, १५

सुट्टी असून ऑफिसात गेले. कपाटावरची फाईल काढली. पान दोनशे बारा, साक्षीदार क्रमांक चार.

तळघरात माझा फोन लागत नव्हता. मी ओरडून पाहिलं, माझं बोलणं लोकांना नीट कळत नाही. म्हणून लिफ्टनं वर गेलो आणि रुग्णवाहिकेला फोन केला. ती आठ मिनिटांत आली.

खाली डॉक्टरांचा शेरा. आणखी पाच मिनिटं गेली असती तर ड्रायव्हर वाचला नसता.

सहा जणांत एकच माणूस हलला. तोच मी उघडा केला.

पान परत लावलं. फाईल कपाटावर ठेवली, होती तशीच, धुळीच्या खुणेवर.

रविवार, १६

कोणाला सांगू? साहेबांना सांगितलं तर ते आधी मला नोकरीवरून काढतील आणि मग निवेदन द्यायचं का ते ठरवायला समिती नेमतील. एक पत्र लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं, त्यात ‘अनवधानानं’ असा शब्द घातला. तेही फाडलं. अनवधान कसलं.

ड्रायव्हरच्या बायकोनं सगळीकडे लिहिलंय की या माणसामुळे माझा नवरा जिवंत आहे, त्याला त्रास देऊ नका. खाली हजारो उत्तरं. किती घेतलेस, असं विचारताहेत. तिच्यासाठी रडणारेच विचारताहेत.

आणि गायकाचे भक्त. चार नंबरच्या साक्षीवर शिक्षा झाली हे त्यांना आता कळलंय. दोन्हीकडचे लोक पहिल्यांदाच एकमताचे झाले. माणसांना एकत्र आणायला एक तोंड लागतं फक्त.

बाई दुपारी दुकानापाशी जाऊन आल्या. तिथल्या लोकांना समजावत होत्या. आल्या तेव्हा पदरावर कोणीतरी थुंकलेलं होतं. नळाखाली धूत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, तू कोर्टातली आहेस, तुझं ऐकतील, उद्या माझ्याबरोबर चल.

उद्या काम आहे, म्हटलं.

सोमवार, १७

काम नव्हतं. दिवसभर पंख्याखाली बसून होते.

बसस्टॉपवर एकजण कागदी मुखवटे वाटत होता. तेच हसू, तीच टोपी. माझी फ्रेम. सहावी असावी, तिच्यात चेहरा सगळ्यात स्वच्छ आहे. डोळ्यांच्या जागी भोकं पाडलेली. दोन मुलींनी लावले आणि फोटो काढून घेतला. आमच्या ऑफिसातल्या शिपायाच्याही खिशात एक दिसला. मला पाहून त्यानं दडवला नाही, उलट हवाय का विचारलं.

मंगळवार, १८

दुपारी गेले. बाईंबरोबर नाही, एकटीच. त्याला सांगायचं होतं की मी — काय सांगायचं होतं ते वाटेतच विसरले.

दुकानासमोर दीडशे-दोनशे लोक. शटर अर्धं खाली. बहुतेकांनी मुखवटे लावलेले. सगळे तेच तोंड. सगळे हसणारे. पुढचे शटर वाजवत होते आणि मागचे फोन वर धरून होते. मी बाजूच्या भिंतीला लागून उभी राहिले.

तो स्वतःहून बाहेर आला. त्याला वाटलं असेल बोलून समजेल. बोलला, पण शब्द एका बाजूनं घसरत होते. लोक हसायला लागले. त्याची नक्कल करायला लागले. मग कोणी टोपी ओढली. मग —

तो भिंतीच्या कडेनं सुटायला बघत होता, माझ्याकडे आला. तिथे मुखवटा नसलेली मी एकटीच होते. त्यानं माझी बाही धरली. नीट कळलं मला, प्रत्येक शब्द कळला.

“ताई, यांना सांगा. तुम्ही सांगा.”

दुसरं काही नाही.

बाईंना म्हटलं ऑफिसातून आले.

गुरुवार, २०

आज सकाळी तो गेला. इस्पितळात.

पोलिसांची गाडी मंगळवारी निघाली होती म्हणे. वाटेत गर्दी होती.

बाई मशीन चालवत नाहीत. टीव्हीही बंद. घरात इतकी शांतता कधी नव्हती. त्यांनी विचारलं, तुझ्या बाहीची शिवण कशी उसवली? दे, घालून देते.

खिळ्याला अडकली, म्हटलं. दिली नाही.

सोमवार, २४

नवीन केस. नवीन फूटेज. माझ्या टेबलावर. समोरच्या दुकानाचा कॅमेरा, उंचावरून, चित्र अगदी स्वच्छ.

मुखवटेवाले ओळखू येणार नाहीत. मुखवट्याशिवाय असलेले तेवीस.

आदेश वाचला. यावेळी एकही चेहरा झाकायचा नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनाही लोकांनी पाहावं, असं न्यायाधीशांनी लिहिलंय. गुरुवारी चार वाजता जाहीर करायचं. मी फक्त आवाज तपासायचा आणि फाईल पुढे द्यायची.

साहेब यावेळी खुर्ची घेऊन शेजारी बसलेत. एकेक फ्रेम बघणार म्हणाले. त्या अकरा फ्रेमची चौकशी चालू आहे, मशीनच्या नोंदीत सापडलंय की त्या हातानं सोडल्या होत्या. कोणाच्या हातानं हे त्यांनी विचारलं नाही. या खोलीत हात दोनच.

आज पहिली तीन मिनिटं झाली. मी चौथ्या मिनिटात आहे.

मंगळवार, २५

चौथं मिनिट.

मला वाटत होतं मी घाबरून थिजले होते. तसंच आठवत होतं. पडद्यावर तसं नाही. पडद्यावर एक बाई आहे. तो तिची बाही धरतो. ती खाली बघते, त्याच्या हाताकडे, कपड्याला डाग पडल्यासारखं. मग दुसऱ्या हातानं त्याची बोटं सोडवते. एक, एक. चार बोटं. घाई नाही. मग बाही झटकते.

झटकते.

इतकं किळसवाणं तोंड मी त्या सहा जणांचंही पाहिलं नव्हतं.

साहेबांनी पाहिलं. उठले, हात धुऊन आले, पुन्हा बसले. खुर्ची थोडी लांब घेतली.

पुढे चालवा, म्हणाले.

बुधवार, २६

एक चेहरा झाकायला मला चार मिनिटं लागतात. चार मिनिटं साहेब उठले नाहीत. पाणी प्यायलाही नाही. रक्त सोसत नाही म्हणणारा माणूस सगळं बघत बसला.

सही त्यांनी स्वतःच्या पेनानं केली.

गुरुवार, २७

रजा टाकली. खिडकी लावलीय. साडेतीन.

ताईकडे जायला हवं होतं काल. बॅग भरली होती. स्टेशनपर्यंत गेले. तिथे बाकावर एक मुखवटा पडला होता, पालथा. परत आले. का आले —

चार पाच. बाईंनी टीव्ही लावला. आठ दिवसांनी. शटरचा आवाज येतोय. हसण्याचा. मला पाठ आहे, आता टोपी जाईल, आता —

आवाज बंद केला त्यांनी.

पुन्हा लावला. पहिल्यापासून.

बाई वर आल्या. मी दार उघडलं नाही. बाहेरूनच म्हणाल्या, त्यानं तुझी बाही धरली होती. ती तू सोडवलीस, का सुटली?

सुटली, मावशी, म्हटलं.

दारापलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“मी तीनदा बघितलं,” म्हणाल्या.

खाली गेल्या. आदळआपट नाही. एक एक पायरी.

फोनवर माझा फोटो फिरतोय. ओळखपत्रावरचा. तो फक्त ऑफिसात होता. खाली लिहिलंय, अकरा फ्रेम सोडणारी हीच आणि बाही झटकणारीही हीच. दोन्ही खरं आहे. यावेळी लोकांची काही चूक नाही, हेच —

ताईचे सहा फोन. उचलून काय सांगू. तीही तेच विचारणार.

रस्त्यावर दहा-बारा. आता जास्त. ओरडत नाहीत. वर बघताहेत. एकीच्या हातात फोन उंच —

पोलिसांना लावला. गाडी निघालीय म्हणाले.

खालचं दार वाजतंय. बाई सांगतील ती इथे राहत नाही. रागावल्या असल्या तरी सांगतील, त्या तशा नाहीत, त्या त्याच्यासाठी थुंकी झेलून आल्या, त्या एवढं तर —

उघडलं.

बाई बोलताहेत. नेहमीचा आवाज. गिऱ्हाईकाशी बोलतात तसा. जपून या म्हणताहेत, वरची पायरी मोडकी आहे. उजवीकडचं दार नाही, तिथे कापड असतं, डावीकडचं —